मशीन बदलण्याआधी कोंबडा बदला



आठवड्यातून दोघं-तिघं तरी हेच विचारतात. "दादा, इनक्युबेटर कुठलं चांगलं? आमच्या मशीनमधनं पिल्लंच निघंनात." मी त्यांना उलटं विचारतो, तुमच्याकडं कोंबड्या किती आणि कोंबडे किती? मग जरा वेळ कुणी काही बोलत नाही. नंतर उत्तर येतं, "कोंबडा हाय की एक. बारका हाय. मोठा आखाडात गेला."

तर आज यावरच लिहितो. माझं मत काहींना पटणार नाही, मशीन विकणाऱ्यांना तर नाहीच नाही. पण गावरान कोंबडीच्या धंद्यात पिल्लं कमी निघण्याचं कारण दहातल्या सात वेळा मशीनच्या आत नसतं. ते अंडं मशीनमध्ये ठेवायच्या आधीच घडून गेलेलं असतं. मशीन फक्त ऊब देतं. जे अंड्यात नाही ते मशीन कुठनं आणणार?

आधी आखाडाचं बघू. आपल्याकडं वर्षभर कोंबड्या वाढवायच्या आणि त्यातला सगळ्यात भारी, तुरेबाज, तीन किलोचा कोंबडा आखाडात नाहीतर जत्रंत काढायचा, ही रीत आहे. पैसे त्याचेच येतात, नवसालाही तोच लागतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण मागं राहतो कोण? जो कुणी विकत घेतला नाही तो. लंगडा, उशिरा वाढलेला, आजारातनं उठलेला. आणि पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच. बैलाच्या बाबतीत आपण असं कधी केलं नाही. वळू निवडताना आमचे म्हातारे चार गावं हिंडायचे. कोंबड्याच्या बाबतीत मात्र जे उरलं ते बीज. हे असं दहा-पंधरा वर्षं चाललं की गावातली कोंबडी बारकी होत जाते, मग आपणच म्हणतो, गावरानात आता दम राहिला नाही.

यात एक फसवणारी गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या. कोंबडा विकला म्हणून दुसऱ्या दिवसापासून अंडी वांझ होत नाहीत. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज साठून राहतं, साधारण दहा ते चौदा दिवस, कधी कधी त्याहून जास्त. त्यामुळं कोंबडा गेल्यावर पहिल्या आठवड्यात घातलेली अंडी फलित असतात, त्यातनं पिल्लं निघतात. मग हळूहळू आकडा उतरत जातो आणि तीन आठवड्यांनी बहुतेक सगळी अंडी रिकामी. तोवर कोंबडा विकल्याचं कुणाच्या ध्यानात नसतं. मग दोष जातो मशीनला, नाहीतर पावसाला, नाहीतर अंड्यावर पडलेल्या कुणाच्या नजरेला. नवा कोंबडा आणला तरी हेच उलट्या बाजूनं होतं. आणल्याबरोबर अंडी साठवायला घेऊ नका, दोन आठवडे जाऊ द्या. आणि जातीची पैदास करणाऱ्यांनी, म्हणजे असील किंवा कडकनाथ शुद्ध ठेवायचा असेल, तर आधीच्या कोंबड्याचं बीज निघून जायला पुरते तीन आठवडे थांबा.

एका कोंबड्यामागं आठ ते दहा कोंबड्या हे प्रमाण सगळीकडं सांगतात, ते बरोबर आहे. मोकळ्या सोडलेल्या कळपात मी आठच धरतो, कारण सगळ्या कोंबड्या त्याच्या आसपास नसतात. आणि दोन कोंबडे ठेवायचे असतील तर एकाच वयाचे, एकत्र वाढलेले ठेवा. नाहीतर दोघं दिवसभर एकमेकांच्याच मागं आणि कोंबड्या तशाच.

शेजारच्या वस्तीवर बचत गटाच्या बायकांनी पैसे साठवून मशीन घेतलं. पहिल्या खेपेला साठ अंडी लावली, पिल्लं निघाली एकोणीस. दुसऱ्या खेपेला त्याहून कमी. मशीनवाल्याला फोन, भांडण, तो म्हणतो लाईट जाते, ह्या म्हणतात मशीन खोटं. मला बोलावलं तेव्हा मी एवढंच म्हणलं, न फुटलेली अंडी फेकली का? नव्हती फेकली, उकिरड्याकडेला पाटीत होती. फोडायला बसलो. वास सोसवत नव्हता, पण बायकांनीच पदर नाकाला लावून सगळी फोडली. एक्केचाळीसमधली सव्वीस साफ रिकामी, आत पिवळा बलक जसाच्या तसा, रक्ताची रेघ नाही. म्हणजे सव्वीस अंड्यांत पिल्लू कधी नव्हतंच. पाच घरांच्या मिळून तीसच्या वर कोंबड्या आणि वस्तीवर फिरणारा कोंबडा एक. आता यात मशीनचा काय दोष? उलट फलित होती त्यातली अर्ध्याच्या वर पिल्लं त्या मशीननं काढून दिली होती.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की न फुटलेलं अंडं फोडून बघा. शेतात उगवण झाली नाही तर आपण माती उकरून बी बघतो, कुजलंय का, किडीनं खाल्लंय का, खोल पडलंय का. अंड्याचंही तसंच बघायचं. आत काहीच नसेल तर कोंबड्याकडं जा. रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे पहिल्या दोन-चार दिवसांत मेलं, तर अंडं जुनं होतं, उन्हात राहिलं होतं किंवा प्रवासात हादरे बसले. मधल्या दिवसांत, आठ ते चौदाच्या दरम्यान, पिल्लू मेलेलं दिसलं तर कोंबडीच्या खाण्याकडं बघा, नाहीतर अंड्यात जंतू शिरलेत. आणि पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं, टरफलापाशी चोच आणून मेलेलं पिल्लू असेल, तर तिथं मशीन धरा. ओलावा, हवा, अंडी फिरवणं, शेवटच्या तीन दिवसांतली उघडझाप. असं वेगवेगळं मरण वेगवेगळ्या कारणाचं असतं. सगळ्याला "अंडी नासली" एवढं एकच नाव दिलं तर इलाज कशावर करणार?

सातव्या दिवशी रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडं धरलं तर फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. रिकामं अंडं नुसतं उजळ दिसतं. ती काढून टाका, जागा मोकळी होते आणि नंतर नासून फुटायची भीती राहत नाही. एक अंडं मशीनमध्ये फुटलं तर शेजारची दहा खराब करतं.

आता उन्हाळ्याचं. आपल्या दुष्काळी पट्ट्यात मार्चनंतर अंडी जास्त वाया जातात, आणि त्याचं कारण साधं आहे. अंड्यातलं बीज साधारण वीस-एकवीस अंशाच्या खाली झोपून राहतं. त्याच्यावर तापमान गेलं की ते हळूहळू वाढायला लागतं. एप्रिलमध्ये आपल्या पत्र्याच्या घरात दुपारी तापमान किती असतं? अडतीस, चाळीस. फळीवरच्या टोपलीत ठेवलेलं अंडं दुपारी वाढायला लागतं, पहाटे गार पडलं की थांबतं, परत दुपारी वाढतं. आठ दिवस असं झालं की ते मशीनमध्ये जायच्या आधीच मेलेलं असतं. फोडल्यावर तेच रक्ताचं कडं. आणि आपण म्हणतो, ताजी अंडी होती.

हॅचरीवाले अंडी पंधरा ते अठरा अंशात ठेवतात. आपल्याकडं ती सोय नाही. काही जण फ्रिजमध्ये ठेवतात, पण घरच्या फ्रिजचे चार-पाच अंश पिल्लासाठी फार गार होतात, त्यातनं निघण्याचं प्रमाण पडतं. त्यापेक्षा जुना उपाय बरा. घरातला सगळ्यात गार कोपरा, माठाजवळचा, तिथं पाटीत वाळू ओली करून त्यावर मडकं, मडक्यात भुसा आणि त्यात अंडी, रुंद टोक वर. वाळू सकाळ-संध्याकाळ शिंपडायची, अंडी मात्र ओली होऊ द्यायची नाहीत. कोरड्या उन्हाळ्यात यानं चांगला फरक पडतो. पण हे म्हणजे कोल्ड स्टोरेज नव्हे. थंडीत सात दिवस साठवा, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांवर जाऊ नका. आणि प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं तारीख घाला. पेनानं नको. ही तारीख घालायची सवय ज्या घरात आहे तिथं पिल्लं जास्त निघतात हे मी बघितलंय, कारण त्या घरात मग जुनं अंडं कोणतं हे कळतं आणि ते तव्यावर जातं.

अंडं धुवू नका, हे हजारदा सांगून झालंय. अंड्यावर एक नैसर्गिक थर असतो, तो टरफलाची बारीक छिद्रं झाकतो. धुतलं की तो जातो आणि घाण आत शिरते. मळकं अंडं कोरड्या फडक्यानं पुसा, फारच घाण असेल तर खाऊन टाका. त्यापेक्षा अंडी घालायची जागा कोरडी ठेवा. पावसाळ्यात अंडी नासतात ती याच्यामुळं. आमच्याकडं अजून म्हणतात की आभाळ गडगडलं की रवणातली अंडी नासतात, म्हणून दुरडीत विळा नाहीतर खिळा ठेवतात. ठेवा बापडे, खिळ्यानं काही बिघडत नाही. पण गडगडाटाबरोबर जी ओल येते, शेणामातीनं भरलेले पाय घेऊन कोंबडी दुरडीत चढते, तिकडंही बघा. दुरडीत कोरडी राख आणि वाळलेलं गवत घाला, उवाही कमी होतात. टोकदार अंड्यातनं कोंबडा आणि गोल अंड्यातनं तलंग निघते हेही तसंच, त्याला काही आधार नाही. आकार बघायचा तो एवढ्यासाठी की फार लांबट, फार गोल, खडबडीत, पातळ टरफलाचं अंडं बसवू नये. तलंगेची पहिली बारकी अंडीही नकोत. मध्यम, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं, ते बसवायचं.

इथं बाजाराची भानगड सुरू होते. शहरातल्या गिऱ्हाइकाला गावरान म्हणजे गडद तपकिरी आणि मोठं अंडं हवं असतं. खरं गावरान अंडं बारकं असतं, रंग फिकट बदामी, काही कोंबड्यांचं तर जवळजवळ पांढरं. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, पोषणावर नाही. बलकाचा केशरी रंगही हिरवा चारा आणि मका खाल्ल्यामुळं येतो, रंगद्रव्य घातलेल्या खाद्यानंही येतो. पण गिऱ्हाईक मागतं म्हणून आपण तांबड्या लेअर जातीची अंडी गावरान म्हणून विकायला लागलो, कुणी कुणी तर चहाच्या पाण्यात बुडवून. खाणाऱ्याची फसवणूक झाली ती झाली. पण तीच अंडी "फलित गावरान" म्हणून उबवायला विकली जातात तेव्हा घेणाऱ्याचे एकवीस दिवस जातात, लाईट बिल जातं आणि हौसही जाते. एकदा पोळलेली बाई परत कोंबडीच्या नादाला लागत नाही.

अधिकारी आणि डॉक्टर मंडळी हे पान वाचतात, म्हणून त्यांनाही एक सांगतो. उबवणीची टक्केवारी सांगताना कशावरची ते सांगत जा. शंभर अंडी लावली, त्यात सत्तर फलित, छप्पन पिल्लं निघाली. फलित अंड्यांवर धरलं तर ऐंशी टक्के, लावलेल्या अंड्यांवर धरलं तर छप्पन. दोन्ही आकडे खरे आहेत. पण मशीनच्या आणि अंड्यांच्या जाहिरातीत ऐंशी छापतात आणि शेतकरी पैसे देतो शंभर अंड्यांचे. प्रशिक्षणात हा फरक दहा मिनिटांत सांगता येतो. मी चार-पाच प्रशिक्षणांना बसलोय, कुठंच सांगितलेला ऐकला नाही. तिथं अर्धा दिवस शेडची लांबी-रुंदी चालते.

दुसरं, खुडूक कोंबडीबद्दल. पुस्तकी सल्ला असा की खुडूकपणा मोडा, म्हणजे कोंबडी लवकर परत अंड्यावर येईल. गावातही पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात. हजार कोंबड्यांच्या शेडसाठी ठीक आहे तो सल्ला. पण सहा-आठ कोंबड्यांच्या घरात खुडूक कोंबडी हेच मशीन आहे, बिनलाइटीचं. ती अंडी दिवसातनं कितीतरी वेळा फिरवते, ओलावा सांभाळते आणि पिल्लं निघाल्यावर घारीपासून राखतेही. बारा अंडी बसवली तर नऊ-दहा पिल्लं सहज निघतात, अंडी चांगली असतील तर. डॉक्टर म्हणतात तेही खोटं नाही, की बसलेली कोंबडी तीन आठवडे उबवणार आणि पुढं दोन महिने पिल्लं फिरवणार, तेवढी अंडी बुडाली. मग मधला मार्ग काढा. सगळ्याच बसवू नका. तीन-चार कोंबड्यांची अंडी गोळा करा, जी शांत बसते, माणूस जवळ गेला तरी उठत नाही, तिलाच बसवा, बाकीच्यांचा खुडूकपणा मोडा. पिल्लं निघाली की आठ-दहा दिवसांनी बल्बखाली घ्या, आई परत अंड्यावर येते.

आणि हा बसायचा गुण रक्तात असतो. तो एकदा गेला की परत येणं अवघड. पिल्लं मोठी व्हावीत म्हणून गावरान कोंबड्यांत सुधारित जातीचा कोंबडा सोडायची आता फॅशन झाली आहे. पहिल्या पिढीचं वजन येतं, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या तलंगा बसायचं विसरतात, मग मशीन घ्यावंच लागतं. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया ह्या जाती अंड्या-मांसाला चांगल्या आहेत, ज्याला त्या पाळायच्या त्यानं जरूर पाळाव्यात, पण त्या वेगळ्या ठेवाव्यात. त्यांची अंडी घरी उबवून पुढची पिढी तशीच येईल अशी आशा धरू नये, येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या एकतीस कोटींच्या वर गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास दीडपट. आकडा वाढला याचा आनंद आहे. पण त्यात जी स्वतः अंडी घालून स्वतः बसते अशी किती, हे कुणी मोजलं तर बरं होईल.

खाण्याबद्दल थोडक्यात. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, पाला, दाणे सगळं खाते, तिच्या अंड्यात पिल्लाला लागणारं बहुतेक सगळं असतं. जाळीत कोंडून नुसता मका आणि भाताची शितं टाकलेल्या गावरान कोंबडीचं तसं नाही. टरफल पातळ होतं, पिल्लं मधल्या दिवसांत मरतात. खायच्या अंड्यांसाठीचं लेअर खाद्यही उबवणीच्या अंड्याला पुरं पडत नाही, त्याला जीवनसत्त्वं जास्त लागतात. घासगवत, शेवग्याचा पाला, अझोला, उरलेलं ताक, शिंपल्याचा नाहीतर चुनखडीचा चुरा, एवढं घरात होतं. आणि बुरशी आलेला मका "जनावराला चालतो" म्हणून कोंबडीपुढं टाकू नका. त्या बुरशीचं विष अंड्यातल्या पिल्लापर्यंत जातं.

बाहेरनं अंडी आणली तर चोवीस तास रुंद टोक वर करून गपचूप ठेवा, मग लावा. आणि दहा घरची अंडी एका मशीनमध्ये लावताना कोणाच्या कळपात पांढरी हगवण होती ते विचारा. तो रोग अंड्यातनं येतो आणि मशीनमध्ये सगळ्या पिल्लांना लागतो.

आता त्या बचत गटाचं. मशीन त्यांनी विकलं नाही. आधी वीस किलोमीटरवरच्या गावातनं चार कोंबडे आणले, वर्षाचे, पायानं सरळ, आवाजाचे. एकमेकांचे भाऊ नसलेले. गावातल्या गावात बदलून उपयोग नव्हता, सगळे एकाच बापाचे. बाप-लेकी, भाऊ-बहिणी जुळत गेल्या की पिल्लं कमी निघतात आणि निघालेली दमदार नसतात. ठराव असा केलाय की चार कोंबड्यांपैकी एकही आखाडात काढायचा नाही, ज्याच्या घरी नवस असेल त्यानं दुसरा विकत आणायचा. दोन वर्षांनी चारही बदलायचे. पाचही घरांनी अंडी एकाच आठवड्यात लावायची, म्हणजे पिल्लं एका वयाची येतात आणि मानमोडीच्या लसीची शंभर मात्रांची एक बाटली सगळ्यांत संपते, नाहीतर दहा पिल्लांसाठी फोडून नव्वद मात्रा ओतून द्याव्या लागतात म्हणून कुणी लसच करत नाही. दिवाळीनंतरच्या खेपेला साठ अंडी लावली होती, त्रेचाळीस पिल्लं निघाली. न फुटलेली सतराही फोडली, त्यात रिकामी सहा.

एका म्हातारीचा मात्र अजून ठरावाला विरोध आहे. तिचं म्हणणं, देवाला दिलेला शब्द म्हणजे घरचाच कोंबडा. तिच्यासाठी एक पाचवा कोंबडा वेगळा वाढवायला घेतलाय.